आधी विचारा, शिकवणार कोण?

बीड जिल्ह्यातल्या आंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झालेली मुलगी लगेच दवाखाना थाटू शकत नाही. तिला वर्षभर इंटर्न म्हणून वॉर्डात, अपघात विभागात, प्रसूतिगृहात काम करावं लागतं. त्या वर्षात तिला विद्यावेतन मिळतं, डोक्यावर निवासी डॉक्टर असतात, त्यांच्याही वर प्राध्यापक असतात आणि सलाइन लावताना चुकलं तर तिथल्या तिथे सांगणारं कोणीतरी शेजारी उभं असतं. सीए होऊ पाहणाऱ्या मुलाचंही तसंच. 2023 पासूनच्या नव्या पद्धतीत त्याला दोन वर्षं आर्टिकलशिप करावी लागते, तिचं किमान विद्यावेतन सीए संस्थेनंच ठरवून दिलेलं आहे. पैसे घेत घेत जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकायची ही रीत बीड जिल्ह्याला नवी नाही. पण बीएस्सी, बीकॉम, बीए आणि बऱ्याचदा इंजिनिअरिंगच्याही मुलामुलींपर्यंत ती नीट पोचलेली नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानं एक दार मात्र उघडलं आहे. राज्यातल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात, आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही, ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ म्हणजे ओजेटी आलं. त्याला साधारण 4 श्रेयांक आणि 120 तास. रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस. आता या पंधरा दिवसांचं काय होतं ते बऱ्याच महाविद्यालयांत सगळ्यांना ठाऊक आहे. ओळखीच्या मेडिकलवाल्याचं किंवा मावसभावाच्या मोबाइल शॉपीचं पत्र येतं, शिक्का येतो आणि वही जमा करायच्या आदल्या रात्री एकाच पेनानं पंधराही पानं भरली जातात. वेळ 10 ते 6, कामाचं स्वरूप ‘निरीक्षण’. दुसऱ्या पानावर पुन्हा ‘निरीक्षण’. मुलाला श्रेयांक मिळतात, महाविद्यालयाची फाइल पूर्ण होते आणि पदवीच्या तीन वर्षांत कामाच्या जागी पाय ठेवायची एकमेव संधी वाया जाते. मुंबई-पुण्याच्या मुलाला अशी संधी पुन्हा मिळेल, त्याच्या सोसायटीतच चार कंपन्यांचे मॅनेजर राहतात. केज, धारूर, पाटोद्याच्या मुलाला हे पंधरा दिवस वाया घालवणं परवडत नाही.

म्हणून पहिलं सांगणं असं की जागा निवडताना कंपनीच्या नावाआधी एक प्रश्न विचारा: मला शिकवणार कोण? नाव सांगा. ‘आमची टीम बघेल’ हे उत्तर चालत नाही. ज्या माणसाचं नाव मिळालं त्याला पाच मिनिटं भेटा, रोज किंवा दिवसाआड दहा मिनिटं मिळतील का ते विचारा. असा माणूस असेल तर गेवराईची जिनिंग मिलसुद्धा उत्तम इंटर्नशिप आहे. तो नसेल तर पुण्यातल्या मोठ्या कंपनीतही तुम्ही पंधरा दिवस झेरॉक्स काढून परत याल.

नाव असलेला माणूस काय शिकवू शकतो, याचं जवळचं उदाहरण घ्या. जिल्ह्यात तेलगावचा लोकनेते सुंदरराव सोळंके कारखाना आहे, गढीचा जय भवानी आहे. हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस रसाचे नमुने येत राहतात. गिरणीतून निघालेल्या रसाचं ब्रिक्स मोजायचं, म्हणजे त्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ किती. मग रस स्वच्छ करून पोलारीमीटरमध्ये पोल काढायचं, म्हणजे त्यातली साखर साधारण किती. ब्रिक्स 20 आणि पोल 17 आलं तर शुद्धता 85 टक्के. सूत्र एवढंच आहे, बीएस्सी रसायनशास्त्राच्या मुलाला ते दहा मिनिटांत समजतं. पण चीफ केमिस्ट शेजारी उभा राहून सांगतो की आज शुद्धता दीड टक्क्यानं का घसरली, तोडलेला ऊस दोन दिवस उन्हात पडून होता का, बगॅसमध्ये किती साखर राहून गेली आणि गिरणीत पाणी किती सोडायचं, तेव्हा ते सूत्र कामाचं होतं. यातूनच उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण, ठरतो आणि उताऱ्यावर शेतकऱ्याचा भाव. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्रानं 10.25 टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली. म्हणजे पोलारीमीटरच्या त्या काचेच्या नळीवर शेतकऱ्याचं बिल उभं आहे.

बीडमधून दरवर्षी लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. त्यांच्या पोरापोरींनी कारखाना पाहिला तो बाहेरून, गाडीच्या रांगेतून, फार तर गव्हाणीपर्यंत. त्यांच्यातली बीएस्सी करणारी मुलगी पांढरा कोट घालून त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोल काढायला उभी राहावी, असं मला मनापासून वाटतं. हे अशक्य नाही. त्यासाठी एक अर्ज, एक मार्गदर्शक आणि पंधरा दिवसांचं विद्यावेतन लागतं.

परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात 250 मेगावॉटचे तीन संच आहेत. तिथे वीज आणि यंत्र अभियांत्रिकीचं काम आहेच, पण बॉयलरला लागणाऱ्या पाण्याची शुद्धता तपासणारं रसायन विभागाचंही आहे. बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा गर काढून गोठवणं, पॅकिंग, बाजारभाव, शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब हे कृषी, अन्नतंत्र आणि वाणिज्यच्या मुलांसाठी चांगलं शिक्षण आहे. बीकॉमच्या मुलांना तर गावाबाहेर जायचीही गरज नाही. बीडच्या, माजलगावच्या कुठल्याही कर सल्लागाराच्या कार्यालयात महिनाभर बसा. 7 तारखेला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीचं विक्रीचं विवरण, 20 ला 3बी. या तारखांच्या मागेपुढे अख्खा महिना फिरतो. एका किराणा दुकानदाराची बिलं टॅलीत चढवून, त्याचं खरेदीचं क्रेडिट पोर्टलवरच्या आकड्याशी जुळवून पाहिलंत तर वर्गात तीन वर्षं न कळलेली नोंद एका दुपारी कळते. अशी कामं कर सल्लागाराला करून हवीच असतात, त्यामुळे पैसे मागायलाही इथे जोर येतो.

पैशांचं बोलायला आपल्याकडची मुलं फार संकोचतात. ‘शिकायला मिळतंय, पैसे कसे मागायचे?’ घरून महिन्याचे पैसे येणाऱ्याला हा संकोच परवडतो. ज्याच्या घरी दिवाळीनंतर फक्त आजी आणि धाकटी भावंडं उरतात, त्यानं फुकट काम करणं म्हणजे शेतातली मजुरी बुडवणं. विद्यावेतन नसेल तर तो येऊच शकणार नाही, आणि मग इंटर्नशिप फक्त सोयीच्या घरातल्या मुलांची होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रुजवलं ते याच कारणानं, आणि आपल्या विद्यापीठातही त्या नावाची योजना आहे. तेव्हा सरळ विचारा: ‘सर, मी रोज आठ तास पूर्ण वेळ येईन, दिलेलं काम लिहून ठेवीन. येण्याजाण्याचं आणि जेवणाचं धरून महिन्याला किती विद्यावेतन द्याल?’ छोटा उद्योजक पूर्ण देऊ शकणार नाही हे मान्य. पण बसभाडं आणि दुपारचं जेवण देण्याइतकाही विचार जो करत नाही, तो शिकवण्यासाठी वेळ काढील याची आशा कमी. आकडा ठरला की तो पत्रात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं महिनाअखेरीला दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

आता सरकारी योजनांचं. इथे चार वाटा आहेत, तीन मुख्यतः पदवीनंतरच्या आणि चौथी पदवीतच, आणि त्या एकमेकींत मिसळून मुलांचा गोंधळ होतो.

सगळ्यात भक्कम वाट ॲप्रेंटिसशिपची, कारण तिच्यामागे 1961 चा कायदा आहे. ज्या आस्थापनेत 30 किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पदवी आणि पदविकाधारकांसाठी नॅट्स (राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना), आयटीआय आणि इतरांसाठी मुख्यतः नॅप्स (राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना). नॅट्समध्ये किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. 2019 च्या नियमांत पदवीधराला किमान 9,000 आणि पदविकाधारकाला 8,000 रुपये ठरले, आणि 2025 मध्ये केंद्रीय ॲप्रेंटिसशिप परिषदेनं त्यात 36 टक्के वाढीची शिफारस केली. म्हणजे करारावर 2019 च्या किमान रकमेहूनही कमी आकडा असेल तर सही करण्याआधी विचारा. कराराची नोंदणी सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर झालीच पाहिजे. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत मिळायला हवं. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. हे सगळं कायद्यात आहे, कोणाची मेहेरबानी नाही. एक मर्यादाही लक्षात ठेवा, करारात तसं लिहिलेलं नसेल तर ॲप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नसतं.

दुसरी वाट पंतप्रधान इंटर्नशिप योजनेची, ऑक्टोबर 2024 मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली. सुरुवातीच्या नियमांत देशातल्या मोठ्या कंपन्यांत बारा महिने, दरमहा 5,000 रुपये आणि सुरुवातीला एकदाच 6,000 रुपये. त्याच नियमांत वय 21 ते 24, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत आणि पूर्ण वेळ शिक्षण किंवा नोकरी चालू नको. अर्ज करताना त्या फेरीचे नियम पोर्टलवर वाचून घ्या. दूरशिक्षणातल्या मुलांना यात मुभा आहे, म्हणजे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करणाऱ्या मुलींसाठी ही वाट उघडी आहे. नॅट्स किंवा नॅप्समधून ॲप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना मात्र यात जागा नाही. म्हणून आधी कुठे जायचं याचा क्रम विचार करून ठरवा.

तिसरी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, 2024 ची. वय 18 ते 35, बारावी पासला महिना 6,000, आयटीआय आणि पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. आधी मुदत सहा महिन्यांची होती, नंतर ती अकरा महिन्यांची झाली. शिक्षण चालू असलेल्यांना ती नाही. हजारो तरुण यातून शाळांत, ग्रामपंचायतींत, सरकारी कार्यालयांत गेले आणि मुदत संपल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणून राज्यभर आंदोलनं झाली. त्यांची तळमळ खरी आहे. पण योजना प्रशिक्षणाची आहे, आणि ज्या टेबलावर फक्त आवक-जावक नोंदवायची तिथे अकरा महिन्यांत हातात कौशल्य येत नाही. योजनेत खासगी आस्थापनाही आहेत. महास्वयंच्या पोर्टलवर जागा निवडताना घराजवळचं कार्यालय एवढाच निकष लावू नका. शंका असेल तर बीडच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन समोरासमोर विचारा.

चौथी वाट अजून नवी आहे, ॲप्रेंटिसशिप जोडलेली पदवी. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2025 मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वं आणली. तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रं उद्योगात, विद्यावेतनासह. आपल्या महाविद्यालयात ती आहे का हे प्राचार्यांना विचारा, आणि नसेल तर का नाही तेही विचारा. बीडमध्ये टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागातून प्रशिक्षण केंद्र 2025 मध्ये मंजूर झालं. यंत्रं येतील तेव्हा त्यावर हात चालवणारी मुलं इथल्याच वर्गांतून जावीत, याची तयारी महाविद्यालयांनी आजपासून करायला हवी.

बाहेरगावी जायचं असेल तर ऑफर लेटर आल्याच्या आनंदात आकडेमोड विसरू नका. वाळूज, चाकण, रांजणगाव, जागा कुठलीही असो, कागदावर मांडा: कॉटबेसिसचं भाडं, डिपॉझिट, मेस, कंपनीपर्यंतचं रिक्षाभाडं, महिन्यातून एकदा घरी येणं. कंपनीची बस आहे का, कँटीनमध्ये जेवण किती रुपयांत, हे दोन प्रश्न विद्यावेतनाच्या आकड्याइतकेच मोठे आहेत. पहिलं विद्यावेतन हातात पडायला दीड-दोन महिने लागतात, तेवढे दिवस काढायची सोय आधी करून ठेवा. त्यासाठी घरानं व्याजानं किंवा ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घ्यावी लागणार असेल, तर जवळची, कमी पैशांची जागा निवडा. सप्टेंबर 2025 पासून बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली आहे. ती वाट हळूहळू सोयीची होईल, पण रोज ये-जा धरून बेत आखू नका.

कागदपत्रांत मुलं सर्वांत जास्त अडतात, आणि ते अडणं टाळता येतं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, बँकेत वडिलांचं नाव गायब, असं असेल तर पोर्टल अर्ज पुढे सरकू देत नाही. दुसऱ्या वर्षातच हे जुळवून घ्या. सरकारी विद्यावेतन थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जातं. दोन-तीन खाती असतील तर शेवटी जिथे आधार सीडिंग झालं त्या खात्यात पैसे पडतात, आणि मुलगा भलत्याच बँकेत पासबुक भरत बसतो. बँकेत जाऊन सीडिंग कुठे आहे ते एकदा पाहून घ्या.

मुलींच्या आणि त्यांच्या पालकांच्या मनात सुरक्षिततेचा प्रश्न असतो, तो रास्त आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि ॲप्रेंटिस यांनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, नसतील तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते. रुजू होताना समितीच्या अध्यक्षांचं नाव विचारून घ्या. आईवडिलांनाही एक सांगणं आहे. मुलीला बाहेर पाठवायचं की नाही हे ठरवण्याआधी एकदा तिच्यासोबत ती जागा पाहून या, वसतिगृह पाहा, तिच्या मार्गदर्शकाशी बोला. न पाहताच नाही म्हणू नका.

आणि इंटर्नशिपसाठी तुमच्याकडूनच कोणी पैसे मागत असेल, नोंदणी म्हणा, किट म्हणा, डिपॉझिट म्हणा, तर तिथेच थांबा. घरबसल्या महिनाभरात प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती मोबाइलवर रोज येतात. मुलाखत घेणारा चांगला अधिकारी ते प्रमाणपत्र बाजूला ठेवतो आणि विचारतो, ‘काय केलंस ते सांग.’

त्या प्रश्नाचं उत्तर रोजच्या वहीत तयार होतं. ‘निरीक्षण’ हा शब्द वहीत येऊ देऊ नका. लिहा: आज सहा नमुन्यांचं पोल काढलं, तिसरं चुकलं, गाळण कागद ओला होता. लिहा: चाळीस बिलं चढवली, दोन बिलांवर जीएसटी क्रमांक चुकीचा निघाला. आठवड्यातून एकदा ती वही मार्गदर्शकासमोर ठेवा आणि सही घ्या. त्या निमित्तानं तुमच्यासाठी त्यांची दहा मिनिटं बाजूला निघतात आणि तुम्ही खरंच शिकताय हे त्यांना दिसतं. पुढच्या वर्षी शिफारस लागेल तेव्हा त्यांना तुमचा चेहरा आठवेल.

जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या, जिनिंगच्या, बँकांच्या, दवाखान्यांच्या चालकांना एक विनंती. वर्षाला दोन मुलं घ्या, त्यांना विद्यावेतन द्या आणि एका अनुभवी माणसाला त्यांची जबाबदारी नावानिशी द्या. महाविद्यालयांनी पंधरा दिवसांत एकदा आपला प्राध्यापक तिथे पाठवावा, फोनवर चौकशी पुरत नाही.

विद्यार्थ्यांनो, गाळप साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये सुरू होतं. प्रयोगशाळेत जागा हवी असेल तर विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज ऑगस्टमध्येच कारखान्यात जायला हवा. जिनिंगमध्ये कापूस दिवाळीच्या सुमाराला येऊ लागतो. कर सल्लागाराकडे मात्र जुलैच्या आणि सप्टेंबरच्या गर्दीआधी जा, म्हणजे जूनमध्ये. अर्ज स्वतः घेऊन जा, पोच घ्या, आणि आठ दिवसांनी पुन्हा जाऊन विचारा.